खापरावरचे मांडे घरी करायचे तर

आखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आदल्या दिवशी खान्देशातल्या बहुतेक स्वयंपाकघरांतून हरभऱ्याची डाळ शिजल्याचा वास येतो. वैशाख शुद्ध तृतीयेचा हा सण जळगाव, धुळे, नंदुरबारकडे फार मोठा. सासरी गेलेली लेक माहेरी येते, निंबाला झोके बांधतात, पितरांच्या नावाने घागर भरतात. आणि पानात वाढतात ती खापरावरची, म्हणजे पालथ्या मातीच्या भांड्यावर भाजलेली पुरणपोळी. आम्ही तिला मांडे म्हणतो. हातभर रुंद, रुमालासारखी घडी पडणारी, आतून पुरणाने गच्च. सोबत वाटीभर आमरस आणि झणझणीत रशी, म्हणजे कटाची आमटी.

गावात मांडे करून देणाऱ्या बाया असतात. त्यांचे हात बघितले की हे काम आपल्याला जन्मात जमणार नाही असं नव्या मुलींना वाटतं. पोळी या हातावरून त्या हातावर जाते आणि बघता बघता दुप्पट होते. पण त्या हातांच्या कौशल्याआधी एक गोष्ट झालेली असते आणि ती नीट झाली तर उरलेलं सरावाने येतं. ती म्हणजे पीठ आणि पुरण यांचा मऊपणा एकसारखा होणं. पुरण पिठापेक्षा घट्ट राहिलं तर ते पसरत नाही आणि वरची पारी फाटते. पुरण सैल झालं तर ते कडेला धावतं आणि पोळी फुटते. गहू निवडण्यापासून खापर तापवण्यापर्यंतच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीसाठी आहेत, हे लक्षात ठेवून पुढे वाचा.

खालचं प्रमाण साधारण ९-१० मध्यम मांड्यांचं आहे: हरभऱ्याची डाळ ५०० ग्रॅम, गूळ ५०० ग्रॅम, चाळलेलं पीठ ७०० ग्रॅम, पाणी अंदाजे ५०० मिली, दीड चमचा मीठ, तीन-चार मोठे चमचे तेल, वेलची, जायफळ, थोडी सुंठ आणि लाटायला तांदळाची पिठी. घरात छोटा वजनकाटा असेल तर तो नक्की वापरा. वाटीच्या मापात गुळाचा खडा कधी जास्त बसतो, कधी कमी, आणि गूळ जास्त झाला की पुरण पाझरतं.

गहू आणि पीठ

मांड्यांचं पीठ रोजच्या पोळीचं नसतं. जुन्या पद्धतीत चांगला लोकवन गहू घेऊन त्यावर पाण्याचा हबका मारतात, कपड्यात बांधून काही तास ठेवतात, मग सावलीत सुकवून बारीक दळून आणतात. ओलवल्यामुळे कोंडा चिवट होतो, दळताना त्याचा भुगा होत नाही आणि तो मोठ्या पापुद्र्यांनी सुटतो. मग ते पीठ मैद्याच्या चाळणीतून आणि नंतर जुन्या मऊ सुती कपड्यातून गाळतात. याला वस्त्रगाळ पीठ म्हणतात. कष्ट आहेत, पण कारण पक्कं आहे. गव्हातली प्रथिनं पाणी मिळालं की एकमेकांना धरून चिवट जाळं तयार करतात आणि मांडे ताणले जातात ते या जाळ्यामुळे. कोंड्याचे कण ते जाळं जागोजागी कापतात. पोळी हातावर ताणताना अचानक भोक पडतं ते बहुतेक वेळा अशा कणापाशीच.

शहरात राहणाऱ्यांनी गिरणीचं बारीक पीठ दोनदा चाळून घ्यावं आणि पहिल्या खेपेला त्यात निम्मा मैदा मिसळावा. मैदा म्हटलं की काहीजणी नाक मुरडतात. पण शिकताना ताण धरणारं पीठ हाताशी असलं तर धीर येतो. हात बसला की मैदा कमी करत जा. निव्वळ गव्हाच्या मांड्यांची चव वेगळीच खोल लागते आणि शेवटी पोचायचं तिथेच आहे.

आता भिजवणं. पिठात मीठ घालून आधी ४०० मिलीच्या आसपास पाणी घाला आणि पोळीच्या कणकेपेक्षा थोडं सैल मळून अर्धा तास झाकून ठेवा. फूड प्रोसेसर असेल तर हा पहिला टप्पा त्याच्याकडे द्यायला हरकत नाही, मात्र मिनिट-दोन मिनिटांच्या वर फिरवू नका, पीठ तापतं. पुढचं काम हाताचं. परातीत पाण्याचा हात लावून पीठ दाबायचं, ताणायचं, उचलून आपटायचं, पुन्हा पाण्याचा हात लावायचा. याला तिंबणं म्हणतात. पंधरा-वीस मिनिटांत उरलेलं पाणी पिठात जिरतं. सुरुवातीला सगळं हाताला चिकटतं, परातीला चिकटतं, आणि आता बिघडलं असं वाटून कोरडं पीठ टाकायचा मोह होतो. टाकू नका. तिंबत राहिलं की चिकटपणा जातो आणि पीठ रेशमी होऊन परात सोडायला लागतं.

शेवटी तेल लावून मुरवा आणि ओल्या कपड्याखाली दोन ते तीन तास ठेवा. आखाजीच्या सुमाराला जळगाव-भुसावळकडे पारा ४२ अंशांच्या वर सहज जातो. त्या उन्हाळ्यात पीठ लवकर सैलावतं, म्हणून भिजवायला माठातलं पाणी घ्या आणि परात घरातल्या सर्वांत थंड कोपऱ्यात ठेवा. पीठ तयार झालं का हे बघायचं तर लिंबाएवढा गोळा घ्या आणि बोटांवर हळूहळू ताणा. पलीकडची बोटं अंधुक दिसेपर्यंत पडदा फाटला नाही तर पीठ झालं. फाटला तर आणखी पाच मिनिटं तिंबा आणि पुन्हा अर्धा तास थांबा.

पुरण

डाळ दोन तास भिजवा. खान्देशात अनेक ठिकाणी बोअरचं पाणी जड असतं आणि जड पाण्यात डाळ कितीही शिजवली तरी कणी राहते. आरओचं किंवा नदी-धरणाच्या नळाचं पाणी वापरलं तर हा त्रास होत नाही. सोडा घालून डाळ मऊ करण्याची युक्ती काहीजण सांगतात. मी ती सुचवणार नाही, पुरणाला साबणासारखी चव येते.

रशीसाठी कट, म्हणजे डाळ शिजवलेलं पाणी, हवा असतो, म्हणून डाळीच्या तिप्पट पाणी घाला. सोबत चिमूटभर हळद आणि चमचाभर तेल, म्हणजे फेस कमी येतो. कुकरमध्ये तोंडापर्यंत डाळ भरू नका, निम्म्याच्या वर गेली की शिट्टीतून कट उडतो. मध्यम आचेवर चार-पाच शिट्ट्या आणि मग वाफ आपोआप जिरू द्यायची. डाळीचा दाणा दोन बोटांत दाबला की त्याचं पीठ झालं पाहिजे, आत पांढरा ठिपका दिसता कामा नये. दिसला तर गूळ घालण्याआधीच परत शिजवा. एकदा गूळ पडला की डाळ पुढे मऊ होत नाही, उलट कडक धरते.

शिजलेली डाळ चाळणीत ओता, खाली कट जमा करून बाजूला ठेवा. डाळ पंधरा मिनिटं नीट निथळू द्या. मग जाड बुडाच्या पातेल्यात डाळ आणि चिरलेला गूळ एकत्र करून आटवायला घ्या. गूळ विरघळला की सगळं पातळ होतं, मग हळूहळू घट्ट येतं. या वेळी पुरणाचे शिंतोडे उडतात आणि फार भाजतात. लांब दांड्याचं उलथनं घ्या आणि मुलांना ओट्यापासून लांब ठेवा. उलथनं पुरणात मधोमध उभं राहिलं आणि पातेल्याची कड सुटायला लागली की थांबा. थंड झाल्यावर पुरण आणखी घट्ट होतं, म्हणून साध्या पुरणपोळीसाठी आटवता त्यापेक्षा किंचित आधी गॅस बंद करा.

वाटण्याबद्दल मात्र घाई नको. पाट्यावर वाटलेलं पुरण सर्वांत मुलायम होतं यात वाद नाही, आणि ज्यांच्या घरी पाटा-वरवंटा अजून जागेवर आहे त्यांनी तो धुऊन काढावाच. त्याच्या खालोखाल हाताने फिरवायचं पुरणयंत्र. त्याची बारीक भोकांची जाळी लावा आणि पुरण गरम असतानाच फिरवा, गार झालं की दांडा ओढायला जोर लागतो. मिक्सरमध्ये होतं, पण त्यात दोन अडचणी येतात. पुरण पात्याखाली बसतं, फिरत नाही, म्हणून माणूस त्यात पाणी घालतो आणि पुरण सैल होतं. किंवा तो फार वेळ फिरवतो आणि पुरण चिकट गोळ्यासारखं होतं. मिक्सरच वापरायचा असेल तर आधी नुसती निथळलेली डाळ थोडी थोडी घालून थांबत थांबत वाटून घ्या आणि गूळ घालून नंतर आटवा. कोणत्याही मार्गाने गेलात तरी शेवटी पुरण बारीक चाळणीतून घासून काढा. साध्या पोळीत एखादी कणी खपून जाते. मांड्यांत ती कणी पारीला आतून भोक पाडते.

वेलची, जायफळ, सुंठ शेवटी घाला. सुंठीत कंजुषी नको, एवढं पुरण पचवायला ती मदत करते असं घरची वडीलधारी मंडळी सांगत आली आहेत आणि चवीलाही ती गुळाचा गोडवा आटोक्यात ठेवते.

आता सुरुवातीला सांगितलेली मुख्य परीक्षा. पिठाचा आणि पुरणाचा सारख्या आकाराचा गोळा शेजारी शेजारी ठेवा आणि दोन्हींत बोट दाबा. बोट दोन्हीकडे सारखंच आत गेलं पाहिजे. पुरण कडक वाटलं तर दुधाचा एक-एक चमचा घालून मळा. सैल वाटलं तर पसरट कढईत पुन्हा आटवा. कोरडं पीठ मिसळून घट्ट करू नका, पुरण कच्चट लागतं. पीठ कडक असेल तर पाण्याचा हात लावून पाच मिनिटं तिंबा. इथे वीस मिनिटं गेली तरी चालतील, पुढचं सगळं काम यावर उभं आहे.

खापर की उलटी कढई?

मातीचं खापर म्हणजे चुलीवर पालथं ठेवायचं घुमटासारखं भांडं. कुंभाराकडे किंवा आठवडे बाजारात मिळतं. घेताना बोटाच्या पेराने ठोका. खणखणीत नाद आला तर ते सलग आहे, भद्द आवाज आला तर कुठेतरी तडा आहे. नवं खापर रात्रभर पाण्यात ठेवा, सावलीत पूर्ण सुकू द्या, मग अर्धा तास मंद जाळावर तापवून तेलाचा कपडा फिरवा आणि चुलीवरच आपोआप गार होऊ द्या. तापलेल्या खापराला थंड पाणी लागलं की ते तडकतं, हे कायम ध्यानात ठेवा.

चूल असेल तर जळण सांभाळण्यात निम्मं यश आहे. कपाशीच्या काड्या भरकन पेटतात आणि ओढून घेतल्या की जाळ लगेच कमी होतो, त्यामुळे आच हातात राहते. जाळ एका जागी न ठेवता खापराच्या पोटाखाली पसरवा.

फ्लॅटमध्ये गॅसवर करणाऱ्यांनी जाड लोखंडी कढई पालथी वापरावी. हे आता पुण्या-मुंबईत राहणाऱ्या कितीतरी खान्देशी घरांत होतं आणि चांगलं होतं, पण काही गोष्टी पाळाव्या लागतात. कढई बर्नरवर सरळ टेकवली तर ज्योतीला हवा मिळत नाही, ती पिवळी होते किंवा विझते. म्हणून खाली लोखंडी रिंग ठेवून कढई उंच करा, ती डगमगत नाही ना हे आधी थंड असताना तपासा आणि खिडकी उघडी ठेवा. काचेच्या शेगडीवर हा प्रयोग करू नका. पालथ्या भांड्याखाली कोंडलेली उष्णता परत काचेवर येते, काच तडकू शकते आणि बटणं वितळू शकतात. स्टीलची शेगडी किंवा सुटी एका बर्नरची शेगडी घ्या. आणि नॉनस्टिक कढई तर अजिबात पालथी घालू नका. तिचा लेप थेट ज्योतीवर येतो आणि जास्त तापला की त्यातून घातक धूर निघतो.

लोखंड मातीपेक्षा लवकर आणि तीव्र तापतं. त्यामुळे कढईवर मांडे मधोमध करपतात आणि कडेला कच्चे राहतात. मोठ्या आचेने तापवून मग आच मध्यमच्याही खाली आणा. खापर असो वा कढई, तापलं का हे बघायला पिठीची चिमूट टाका. काही सेकंदांत ती तांबूस झाली तर योग्य, टाकताक्षणी काळी पडली तर फार तापलं आहे, आच कमी करून थांबा.

हातावरचं काम

अंगठ्या, घड्याळ काढून ठेवा. बांगड्या कोपराकडे सरकवून रुमालाने बांधा. मांडे फाटण्याचं हेही एक कारण असतं आणि ते कुणाच्या लक्षात येत नाही.

पिठाचे साधारण ६० ग्रॅमचे दोन गोळे घ्या. प्रत्येकाची तळहाताएवढी पारी करा. एका पारीवर दीडशे ग्रॅमच्या आसपास पुरण थापा, कडेला बोटभर जागा सोडा. दुसरी पारी वर ठेवून कडा सगळीकडून दाबून बंद करा. आत हवा राहिली तर ताणताना तिथेच फुगा येऊन फुटतो, म्हणून मधून कडेकडे हात फिरवत हवा काढा आणि मगच शेवटची कड मिटवा.

पोळपाटावर तांदळाची पिठी भुरभुरवून हलक्या लाटण्याने ही जोडपारी जेवणाच्या ताटापेक्षा थोडी लहान होईपर्यंत लाटा. लाटणं कडेपर्यंत नेऊ नका. पोळपाटावर ती हलते का हे दर थोड्या वेळाने बघा. चिकटली असेल तर उचलताना फाटणारच.

आता ती दोन्ही हातांवर घ्या. बोटं आत दुमडून मुठीची पाठ आणि मनगट यांवर पोळी पेलायची, नखं आणि बोटांची टोकं लागू द्यायची नाहीत. एका हातावरून दुसऱ्या हातावर टाकताना तिला थोडं फिरवायचं. ओढायचं नाही. पोळी स्वतःच्या वजनाने खाली उतरते आणि रुंद होते, तुम्ही फक्त तिला जागा बदलून देता. जिथे पुरण जाड दिसतं तो भाग हातावर थोडा जास्त वेळ राहू द्या. पीठ-पुरणाचा मऊपणा जुळला असेल तर आतलं पुरण पारीबरोबर सरकताना हाताला जाणवतं, आणि हा क्षण शिकणाऱ्याला इतका आनंद देतो की मग पुढचे मांडे आपोआप सैल हाताने होतात.

पहिल्याच दिवशी हातभर मोठे मांडे करायला जाऊ नका. फुलक्याच्या दीडपट झाले तरी पुरे. त्याआधी नुसत्या पिठाच्या, पुरणाशिवायच्या एक-दोन पाऱ्या हातावर फिरवून बघा, त्या भाजून दुधाबरोबर खाता येतात. दोघींनी मिळून करणं सगळ्यांत सोपं. एकीने हातावर वाढवायचं, दुसरीने आच आणि खापर बघायचं. आमच्याकडे जेठानी-देरानी हे काम असंच वाटून घेतात.

खापरावर टाकताना पोळीची लांबची कड आधी टेकवा आणि हात आपल्याकडे आणत बाकीची सोडा. सुरकुती पडली तर लगेच बोटाने सारखी करा, नंतर ती निघत नाही. मिनिटभरात वरचं पीठ कोरडं दिसतं, बारीक फुगे येतात. मग उलथन्याने कड सोडवून दोन्ही हातांनी उलटा. दुसरी बाजू आणखी पाऊण मिनिट. तांबूस ठिपके हवेत, कडक कड नको. मांडे खापरावर गरम आणि लवचिक असतानाच आधी अर्धी, मग पाव घडी घाला. खाली उतरवून घडी घालायला गेलात तर घडीच्या रेषेवर चिरतात. घडी घालताना आत साजूक तूप सोडा.

एखादं भोक पडलं तर पिठाचा चिमूटभर तुकडा पाण्याच्या बोटाने त्यावर लावा. पुरण खापराला लागून जळलं असेल तर पुढची पोळी टाकण्याआधी ती जागा कोरड्या जाड कपड्याने पुसून घ्या, नाहीतर तिथेच पुढचीही चिकटेल.

रशी, रस आणि पान

कटाची रशी आमच्याकडे गोडसर नसते. कांदा आणि सुकं खोबरं जाळावर काळपट भाजा, लसूण, आलं, कोथिंबीर घालून वाटा. तेलात हे वाटण, लाल तिखट आणि घरचा काळा मसाला तेल सुटेपर्यंत परता, मग कट, दोन चमचे वाटलेली डाळ आणि मीठ घालून चांगली उकळी आणा. नैवेद्याला कांदा-लसूण चालत नसेल तर खोबरं, तीळ आणि मसाल्यावर करा. तिखटाला हात आखडू नका. मांड्यांच्या गोडाला तोड देणारी पानात ही एकच गोष्ट आहे.

रसासाठी गावरान आंबे मिळाले तर तासभर पाण्यात ठेवून हाताने पिळा. केसर किंवा बदाम असेल तर गर मिक्सरमध्ये एक-दोनदाच फिरवा, जास्त फिरवलं की फेस येतो आणि चव पातळ होते. सोबत कुरडई, ज्वारीचे बिबडे, भजी आणि भात.

उरलेले मांडे गरम असताना डब्यात कोंडू नका, वाफेने ओले होतात. दुरडीत सुती कपड्यावर पसरून गार करा आणि मग झाका. वैशाखाच्या उन्हात पुरण लवकर आंबतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशीसाठी ठेवायचे ते फ्रिजमध्ये जाऊ द्या. गरम करायचे ते तव्यावर, तूप सोडून. मायक्रोवेव्हमध्ये ते चामड्यासारखे वातड होतात. नुसतं पुरण उरलं असेल तर ते गोळे करून फ्रिजमध्ये ठेवा, दोन दिवसांत साध्या पोळ्या लाटता येतील.

खापर पूर्ण गार झालं की कोरड्या कपड्याने पुसा. साबण लावू नका, माती तो शोषून घेते आणि पुढच्या वेळी वास येतो. जळलेलं पुरण चिकटलं असेल तर लाकडी उलथन्याने खरवडा, एक दिवस उन्हात ठेवा आणि जुन्या गोधडीत गुंडाळून वरच्या फळीवर पालथं ठेवून द्या.